चैत्र-वैशाखाचे मालक

त्या उन्हाळ्यात मारुतीरावाच्या पदरात काय काय पडायचं होतं, ते आधी मांडून ठेवू. म्हणजे पुढं कुणाला हळहळायचं असेल तर नीट हळहळता येईल. पहिलं म्हणजे, कंग्राळीच्या भावकाण्णाची थोरली लेक सून म्हणून घरात यायची होती. पोरगी बेळगावात शाळेत शिकवत होती, तेव्हा माप ओलांडतानाच पगार घेऊन येणार. दुसरं, भावकाण्णा हा नुसता व्याही नव्हे. शेती होतीच, वर वीटभट्ट्या होत्या, एक भाऊ बेळगावात इंजिनिअर होता, आणि जिल्ह्याच्या सोसायटीत त्याचा हात वर गेला की आणखी दहाबारा हात वर जायचे. असा माणूस पाठीशी राहिला की मारुतीरावाला तिथं एखादी खुर्ची सापडलीच असती. आणि तिसरं, जे त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं: वडगळीच्या रस्त्याला जो बंगला इतकी वर्षं 'सायबाचा बंगला' म्हणून ओळखला जात होता, त्याला लोक 'मारुतीरावाचा बंगला' म्हणायला लागणार होते.

बदल्यात घालायचं काय? थोडी मंगळुरी कौलं, थोडा चुना, आपल्याच गिरणीतलं लाकूड, आणि एक बारीकशी गोष्ट न बोलता ठेवायची.

बंगला जांबोटीकडं जाताना खानापूरच्या पलीकडं होता. बेळगावचं ऊनही ज्याला सोसवत नव्हतं अशा जंगलखात्यातल्या एका गोऱ्या सायबानं तो उन्हाळ्यापुरता बांधला होता. चारी बाजूंनी व्हरांडा, उंच आढं, आणि आत शेकोटीची जागा, जी कशाला केली ते वडगळीतल्या कुणालाच कधी कळलं नाही. साहेब मेला, स्वराज्य जवळ आलं, मेमसाहेब विलायतेला निघाली आणि जाताना तिनं बंगला दोन नोकरांच्या नावानं करून दिला. एक मारुतीरावाचा आजा, माळी. दुसरा भीमाप्पा, घोडी सांभाळणारा. कागद इंग्रजीत होता आणि कागदात घर अर्धं अर्धं होतं.

पण भीमाप्पा गावकुसाबाहेरचा. मधे भिंत घातली तरी वरचं कौल एकच, आणि एका कौलाखाली एका वेळी दोघांनी राहायचं, हे काही मारुतीरावाच्या आज्याला जमणार नव्हतं. मग पंचांनी डोकं चालवलं आणि घर सोडून महिने वाटले. चैत्र आणि वैशाख माळ्याच्या घराला. ज्येष्ठ भीमाप्पाच्या घराला. अर्ध्याअर्ध्याची वाटणी पंचांना बरोबर वाटली, कारण ज्येष्ठातला पाऊस त्यांनी भीमाप्पाच्या बाजूला मिळकत म्हणून धरला. बाकीचे महिने वटवाघळांचे. पुढं दरसाल चैत्र लागला की मारुतीरावाची आई बिऱ्हाड आत न्यायच्या आधी घरभर गोमूत्र शिंपडायची. ती गेल्यावर नागुबाईनं, मारुतीरावाच्या बायकोनं, ते बंद केलं. बंद केलं हे मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही.

तर न बोलायची गोष्ट ती ही. भावकाण्णासमोर मारुतीराव 'आमचा बंगला' म्हणाला होता. अर्धा म्हणाला नव्हता, आणि कुठल्या महिन्यातला तेही म्हणाला नव्हता.

मारुतीराव खानापुरात लाकडाच्या गिरणीत मॅनेजर होता. त्याचा मुलगा परशराम बेळगावात बँकेत लागलेला. सुला, म्हणजे भावकाण्णाची लेक, पगाराच्या दिवशी त्याच्याच खिडकीशी यायची. दोघांचं काय ते आधी तिथंच ठरलं होतं आणि मग जाणत्या माणसांना आपणच ठरवलं असं वाटावं म्हणून मध्यस्थ धाडला होता. परशरामाचं म्हणणं एवढंच, की साखरपुडा खानापुरात घरापुढं मांडव घालून करावा आणि मोकळं व्हावं. मारुतीरावाला हे ऐकून पोराची कीव आली. बंगला असताना मांडव? त्यानं भावकाण्णाला अक्षय्य तृतीयेचा दिवस सांगून टाकला आणि बंगल्यावर या म्हणून सांगितलं.

"निपाणीला धर्मराजला एक शबुद तरी कळवा," नागुबाई म्हणाली. धर्मराज म्हणजे भीमाप्पाचा नातू, निपाणीत वकिली करायचा.

"माझ्या महिन्यात मी माझ्या घराला चुना लावतो. ते त्याला कशाला?"

"तुमच्या महिन्यात संपंल न्हवं काम?"

बायका असलं काहीतरी विचारतात आणि मग ते खरं होतं. मारुतीरावाचं हे जुनं मत होतं आणि यंदा ते आणखी पक्कं व्हायचं होतं.

साल एकोणीसशे ऐंशी. पाडव्याच्या आधी वडगळीनं यात्रेसाठी देवीला कौल लावला आणि देवीनं उजवं दिलं, म्हणजे होकार दिला. लक्ष्मीची यात्रा किती वर्षांनी येत होती ते सांगताना म्हाताऱ्यांचीही भांडणं व्हायची, इतक्या वर्षांनी. यात्रा वैशाखात, म्हणजे पाडव्यापासून वार पाळणूक. मंगळवारी आणि शुक्रवारी गावातल्या घरांना कुलपं, सगळी माणसं दिवसभर शिवारात, आणि कुणी कुदळ उचलायची नाही, करवत धरायची नाही, जातंसुद्धा फिरवायचं नाही. आठवड्याचे दोन दिवस असे गेले. उरलेल्या दिवसांत माणसं मिळावीत, तर यात्रेला घरटी शंभर पाव्हणे येणार म्हणून प्रत्येक जण आपलीच भिंत लिंपत बसलेला. मारुतीराव मजुरी वाढवून बोलला. लोकांनी नम्रपणे ऐकून घेतलं आणि आपल्या भिंतीकडं वळले.

शामू सुतार तेवढा त्याच्या भरवशाचा होता. तो तर भेटायलाच तयार नव्हता. देवीची नवी मूर्ती त्याच्याकडं होती, आणि वडगळीची रीत अशी, की देवीच्या ओंडक्याला एकदा हत्यार लागलं की ती गदगेवर, म्हणजे यात्रेतल्या आपल्या चौथऱ्यावर, बसेपर्यंत सुताराच्या हत्यारानं दुसऱ्या लाकडाला शिवायचं नाही.

"माझी करवत आता तिची हाय, मारुतीराव," शामू दारातूनच म्हणाला. "तिला बसू दे. मग तुमच्या वाशांस्नी हात लावतो."

"ती बसणार वैशाख वद्यात. माझं पाव्हणं यायचं तृतीयेला."

"मग पाव्हण्यास्नी सांगा की, देवी जरा मागनं बसणार हाय म्हणून."

जन्म लाकडात गेलेला माणूस, गिरणीत निवडून काढलेलं आढ्याचं सागवान बंगल्याच्या व्हरांड्यात येऊन पडलेलं, आणि ते वर चढवायला सुतार नाही. मारुतीराव रोज संध्याकाळी सायकलवरून यायचा, आढ्याच्या लाकडाभोवती एक फेरी मारायचा आणि परत जायचा. शेवटी त्यानं लोंढ्याहून दोन सुतार आणले. त्यांना वार माहीत नव्हते, आणि मारुतीरावानं सांगितलेही नाहीत. त्याचा हिशेब सरळ होता: बंगला गावाबाहेर आहे, शुक्रवारी गाव बंद असतं, तेव्हा शुक्रवारी काम केलेलं गावाला ऐकू जायचं कारण नाही.

आता शुक्रवारी गाव बंद असतं म्हणजे गाव कुठं असतं, याचा विचार त्यानं केला नव्हता. गाव शिवारात असतं. आणि वडगळीच्या शिवारात आंब्याची दाट सावली म्हणाल तर ती बंगल्याच्या कुंपणाला लागून. इतर कुठल्याही दिवशी बंगल्यावर तोफ डागली असती तरी कुणाला कळलं नसतं. नेमका त्या दिवशी अख्खा गाव, लेकराबाळांसकट, भाकऱ्या सोडून त्या झाडांखाली बसलेला. हातोड्याचा पहिला ठोका पडला आणि सगळ्यांनी हातातला घास तसाच धरून माना वळवल्या.

रवळू गावकर चारपाच जाणती माणसं घेऊन आला. कुणी आवाज चढवला नाही. सगळे व्हरांड्यात बसले, पाणी मागितलं, चुना किती पांढरा बसला त्याचं कौतुक केलं. मग रवळूनं आढ्याच्या लाकडावरून हात फिरवला.

"मारुतीराव, तुमी शिकलेली माणसं. वार मोडला म्हंजे दंड आला, हे तुमास्नी सांगाय नगो."

मारुतीराव म्हणाला की बंगला शिवेबाहेर आहे. रवळू म्हणाला की शिवेबाहेर असेल तर मग घरपट्टी वडगळीला कशी भरता. मारुतीरावानं विचारलं, दंड किती. त्यावर जाणत्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं. देवीला पैशाचं काय करायचं, असं त्यांचं म्हणणं पडलं. रथाला मात्र लांब, मुरलेलं, न वाकणारं लाकूड हवं होतं आणि ते कुठं मिळेल या काळजीत गाव होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गावानं बैलं आणून आढ्याचं सागवान नेलं, आणि नेताना मारुतीरावाच्या नावानं नारळही फोडला. लोंढ्याचे सुतार त्याच्या आधीच, शुक्रवारी दुपारच्या गाडीनं, देवीचं नाव घेत निघून गेले होते.

अक्षय्य तृतीया अशी गेली. भावकाण्णाला यात्रेचं कारण कळवलं, आणि त्यानं ते मानलं. देवीचं कारण होतं. पौर्णिमेच्या आसपासचा एक मुहूर्त निघाला, तो मारुतीरावाच्या नव्या लाकडानं घालवला. ते ओलं निघालं. मग देवी बसली. आपलंच आढं रथाखाली घालून ती गावभर फिरताना मारुतीरावानं हात जोडून बघितली. नऊ दिवस वडगळीत माणूस मावत नव्हतं. मावलं नाही तेवढं बंगल्याच्या व्हरांड्यात झोपायला आलं, आणि नव्या चुन्याला पाठी टेकून बसलं.

यात्रा संपून देवी शिवेवर गेली तेव्हा वैशाख सरत आला होता. शामू शब्दाला जागला. तो, त्याचा भाऊ आणि गावची निम्मी माणसं अशी काही कामाला भिडली, की अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी शेवटचं कौल बसलं. बंगला खरंच देखणा झाला होता. खिडक्यांना रंगीत काचा, व्हरांड्याला लाल फरशी, आणि शेकोटीच्या जागेत नागुबाईच्या सांगण्यावरून देव्हारा, कारण धूर वर जायची सोय आयतीच होती. मारुतीराव त्या रात्री तिथंच झोपला. नव्या घरात झोपायची ती त्याची पहिली रात्र, आणि त्याच्या महिन्यातली शेवटून दुसरी.

कारण पुढं अधिक महिना होता. अधिक ज्येष्ठ. पंचांग घरात होतं, मारुतीरावाला ते पाडव्यापासून माहीत होतं, पण तृतीयेला सगळं उरकणार म्हटल्यावर त्यानं पुढची पानं उलटली नव्हती. अधिकात साखरपुडा कोण करणार? भावकाण्णाच्या भटजीनं नको म्हटलं. भावकाण्णा समजूतदार माणूस, म्हणाला, राहू दे, निज ज्येष्ठात करू; पाऊस असला तर असू दे, कौलं नवी हायत न्हवं?

कौलं नवी होती. ज्येष्ठ मात्र, अधिक काय आणि निज काय, मारुतीरावाचा नव्हता.

प्रतिपदेला सकाळी भाड्याची जीप फाटकाशी थांबली. धर्मराज उतरला, त्याची बायको, दोन मुली, आणि पुढच्या सीटवरून हळूहळू तानीबाई, त्याची आई. गाद्यांची गुंडाळी, भांडी, मुलींचा कॅरमचा बोर्ड. मारुतीराव व्हरांड्यात उभा होता. किल्ली खिशात होती आणि खिशावर त्याचा हात होता.

धर्मराजनं आधी कौलांकडं बघितलं, मग काचांकडं. "अण्णा, लई सुंदर केलासा," तो म्हणाला. "आमचं अर्धं काय हुतंय ते सांगा. कळवला असता तर आधीच दिलं असतं."

"त्ये मागनं बघू," मारुतीराव म्हणाला. "पण ह्यो महिना अधिकाचा हाय, वकीलसाहेब. अधिक कुणाचाच न्हाय. पंचांच्या कागदात ज्येष्ठ लिवलाय, अधिक कुठं लिवलाय?"

ही तोड त्यानं रात्रभर जागून काढली होती आणि त्याला ती फार आवडली होती. धर्मराज नुसता हसला. बोलली तानीबाई. ती फाटकाचा दांडा धरून उभी होती.

"भात्तर साली बी अधिक आलता, मारुतीराव. अधिक वैशाख."

मारुतीरावाच्या हाताला खिशातली किल्ली एकदम जड लागली. बहात्तर साली, दुष्काळाच्या उन्हाळ्यात, तानीबाईचा नवरा यल्लाप्पा आपला ज्येष्ठ आला असं समजून बोचकी घेऊन याच फाटकाशी आला होता. मारुतीरावाच्या बापानं त्याला आत घेतलं नव्हतं. वैशाख दोन आहेत आणि दोन्ही आमचे, असं सांगून परत पाठवलं होतं. खरा ज्येष्ठ लागला तेव्हा पाऊसही लागला होता.

"तवा पंचांग तुमीच वाचून दाखवलासा," तानीबाई म्हणाली. "अधिक वैशाख बी वैशाखच, असं म्हटलासा. मी हितंच उबी, समदं ऐकायला येत हुतं."

मारुतीरावानं किल्ली काढून धर्मराजच्या हातात दिली. द्यायची नव्हती, पण आपलंच वाक्य आपल्याला कुणी परत आणून दिलं तर ते घेऊन बाजूला व्हावं लागतं.

आता हिशेब असा झाला: त्याच्या दोन महिन्यांत त्यानं धूळ खाल्ली आणि हातोडे ऐकले, आणि धर्मराजच्या पोरी नव्या लाल फरशीवर, कोरड्या ठणठणीत अधिक महिन्यात, कॅरम खेळत होत्या. त्यांच्या घरात अधिक-निज कुणी मानत नव्हतं. बाबासाहेबांची तसबीर त्यांनी हॉलमधे लावली. शेकोटीतल्या देव्हाऱ्याला हात लावला नाही, वर तानीबाई त्यावरची धूळ झाडायची, हे मारुतीरावाला नागुबाईकडून कळलं आणि त्यामुळं तर त्याला आणखीच चिडचिड झाली. नीट राग धरायलाही जागा ठेवली नव्हती त्यांनी.

पण निज ज्येष्ठातला एक दिवस हवाच होता. चारेक दिवसांनी, दिवस मावळायच्या आत, तो बंगल्यावर गेला. धर्मराजनं खुर्ची दिली, चहा आला. मारुतीरावानं आडून आडून सांगितलं: पोराचा साखरपुडा, कंग्राळीचे पाव्हणे, जुन्या वळणाची माणसं, एकच दिवस, तेवढ्यापुरतं खानापुरात कुठं तुमची सोय करतो.

धर्मराजनं ऐकून घेतलं. दिवस तुमचाच समजा, तो म्हणाला, आम्ही हात लावू, स्वयंपाकाला जागा करू. मात्र आम्ही घरातच असू, घरच्यासारखे बसू. भावकाण्णांना आधी सांगून ठेवा, एवढंच.

"तसं न्हवं..." मारुतीराव म्हणाला.

"जाऊंदे, धर्मा," तानीबाई म्हणाली. "आमी जातो की एक दिस. काय झिजतंय? पण मारुतीराव, तुमी माज्या तोंडावर सांगा. तानाक्का, पाव्हणं येणार, तवर तू दिसू नगो. एवढं म्हणा. म्हटलासा की मी बोचकं उचलतो."

तिच्या बोलण्यात राग नव्हता; भाव विचारावा तसा आवाज होता. मारुतीरावानं तोंड उघडलं. वाक्य फार मोठं नव्हतं. त्याच्या बापानं ते इकडं तिकडं न बघता म्हटलं असतं. त्याच्या मुलाला ते सुचलंही नसतं. मारुतीराव दोघांच्या मधे सापडला होता. त्यानं चहाचा शेवटचा घोट घेतला आणि म्हणाला, "बघू."

त्या 'बघू'नं पुढचे पंधरा दिवस खाल्ले. नागुबाई म्हणाली, भावकाण्णाला खरं सांगा. म्हणाला, बघू. परशराम रविवारी आला आणि म्हणाला, मी सुलाला सगळं सांगितलंय, अर्धं घर, महिने, धर्मराजअण्णा, सगळं.

"ती म्हणते, आमचे आप्पा आधी तणतणतील, मग ऐकतील. पण ते तुमच्या तोंडून कळलं पाहिजे. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळलं तर ऐकायचे नाहीत. तुम्ही जाता का मी जाऊ कंग्राळीला?"

"तू गप बस. मी बघतो," मारुतीराव म्हणाला. परशराम जेवला नाही, साडेचारच्या गाडीनं बेळगावला गेला.

मारुतीराव एक दिवस खरंच निघालाही होता. बेळगावच्या स्टँडवर उतरला, कंग्राळीच्या गाडीपर्यंत गेला, गाडीत गर्दी बघून परत फिरला. गर्दी होतीच, त्यात खोटं काही नाही.

भावकाण्णाला मात्र कुठल्या गाडीची वाट बघावी लागत नव्हती. त्याच्याकडं मोटारसायकल होती. खानापूर कोर्टात विटांच्या थकलेल्या पैशांचं काही काम होतं, ते उरकल्यावर त्याच्या मनात आलं, बंगला बघून घ्यावा, मांडव कुठं घालता येईल त्याचा अंदाज घ्यावा. व्हरांड्यात तानीबाई हाताला तेल लावून फणस सोलत बसली होती. ऊन कडक होतं. तिनं या म्हटलं, पाणी दिलं, गऱ्यांची ताटली पुढं केली. भावकाण्णा बसला, पाणी प्यायला, गरे खाल्ले, आणखी मागून खाल्ले. मग हात पुसत विचारलं, मारुतीराव कुठं दिसत न्हाईत?

"त्यांचं महिनं संपलं," तानीबाई म्हणाली. "आता चैत्रात येतील."

भावकाण्णाला वाटलं म्हातारीला काही कळत नसेल. तेवढ्यात धर्मराज बाहेर आला आणि विचारल्यावर त्यानं सरळ सांगितलं: घर दोघांचं, आजोबा दोघे इथं नोकरीला, महिन्यांची वाटणी अशी. आपलं नाव, गाव, घराणंही सांगितलं. लपवायचं त्याला काही कारण नव्हतं, आणि मारुतीरावानं 'लपवा' असं कधी म्हटलंही नव्हतं; 'बघू' म्हटलं होतं.

भावकाण्णानं ही हकिगत पुढं अनेकांना सांगितली. त्यातून गरे तेवढे गाळले.

तिथून तो गिरणीवर आला. करवत चालू होती, बोलणं ऐकू येईना, म्हणून मारुतीरावानं हात करून ती बंद करायला लावली. बंद केली नसती तर बरं झालं असतं. आता सगळे कामगारही ऐकायला मोकळे झाले.

"बंगला कुणाचा, मारुतीराव?"

"आमचाच की."

"कवापतूर?"

मारुतीरावानं ओंडक्यांकडं बघितलं. ओंडके काही सुचवीनात. "वैशाखापतूर," तो म्हणाला.

भावकाण्णानं मान हलवली. "माझी लेक बारा महिने नांदायची हाय," तो म्हणाला, आणि मोटारसायकलकडं वळला.

मारुतीराव त्याच्या मागं रस्त्यापर्यंत गेला. साखरपुडा खानापुरात घरापुढं मांडव घालून करू म्हणाला. म्हणजे जे पोरगा पहिल्या दिवशी म्हणत होता तेच. बंगला बाजूला ठेवू म्हणाला. सांगणारच होतो, गर्दी होती, असंही म्हणाला. भावकाण्णानं किक मारता मारता ऐकलं. महिन्यांची गोष्ट त्याला खटकली, की लपवल्याची, की तानीबाईच्या हातचं पाणी, हे त्यानं तेव्हा सांगितलं नाही आणि पुढंही कधी सांगितलं नाही. सुलानं घरी दोन दिवस अन्न घेतलं नाही असं मध्यस्थ सांगत होता. पण आप्पांनी ऐकावं यासाठी तिनं एकच अट घातली होती, आणि ती मारुतीरावानं आधीच मोडून ठेवली होती.

निज ज्येष्ठ लागला आणि पावसानं जांबोटीकडचं रान झोडपून काढलं. नव्या कौलांतून थेंब आला नाही. धर्मराजनं निपाणीला जायच्या आधी गिरणीवर येऊन खर्चाचा आकडा विचारला. आपलं अर्धं देतो म्हणाला, रोख. मारुतीरावाला पैशाची गरज होती. पण ते अर्धं घेतलं म्हणजे अर्धं कबूल केलं, आणि आता तर ते कबूल करून मिळायचं काहीच उरलं नव्हतं. तो म्हणाला, राहू दे, माझ्या महिन्यात मी केलंय. धर्मराजनं दोनदा आग्रह केला, तिसऱ्यांदा केला नाही. घरी हे ऐकून नागुबाईनं भाकरी तव्यावरच करपू दिली.

सुलाचं पुढच्या माघात लग्न झालं, धारवाडच्या एका ओव्हरसिअरशी. परशरामानं त्याच महिन्यात बँकेत बदली मागून घेतली, लांबची, विजापूरकडची. चैत्रात मारुतीरावानं त्याला रजा काढून बंगल्यावर ये म्हणून कळवलं. तो आला नाही. त्याच्या पुढच्या चैत्रातही नाही.

तर आता जमाखर्च. वडगळीच्या लक्ष्मीला न वाकणारं आढं मिळालं. शामूला मजुरी आणि यात्रेचा पातळ-फेटा मिळाला. धर्मराजच्या घराला दोन ज्येष्ठ मिळाले, एक कोरडा आणि एक न गळणारा, आणि तानीबाईला बहात्तर सालचा महिना आठ वर्षांनी परत मिळाला. भावकाण्णाला गरे मिळाले. मारुतीरावानं कौलं घातली, काचा घातल्या, फरशी घातली. त्यातलं पुष्कळसं त्याला दरसाल दोन महिने वापरायला मिळत राहिलं. नागुबाईनं खरं ते आधीच सांगितलं होतं, त्याचं तिला काहीच मिळालं नाही. आणि भरायचं जेवढं होतं ते सगळं परशरामानं भरलं, ज्यानं बंगला कधी मागितलाच नव्हता.